तिसावा जोड

सरलाबाई मुलं मोजत नाहीत, दाराबाहेरच्या चपला मोजतात. सुरतमधल्या पांडेसऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत त्या वीस वर्षं शिपाई आहेत. आज शिक्षण खात्याच्या साहेबांच्या तपासणीत सातवीत तीस मुलं हजर नसतील, तर सातवी हायवेपलीकडच्या शाळेत जाणार आणि आमच्या मुली घरी बसणार. “बाई, एकोणतीसच जोड!” फाटकाशी येऊन त्या म्हणाल्या. पेरणीला गावी गेलेली साक्षी परतलीच नव्हती. तेवढ्यात साहेब आले, वर्गात शिरले आणि डोकी मोजू लागले. मी दारातच डोळे मिटले. “तीस!” साहेबांनी सही ठोकली. सरलाबाईंनी बाहेर धावत जाऊन चपला पुन्हा मोजल्या. एकोणतीसच! मग चिखलाची अनवाणी पावलं दिसली, मागच्या दारापासून शेवटच्या बाकापर्यंत. उधना स्टेशनवरून धावत येताना साक्षीची चप्पल तुटली होती. “उनी माय, पोर उनी!” पोर आल्याच्या आनंदात अहिराणीत म्हणत सरलाबाईंनी स्वतःच्या चपला काढून रांगेत तिसाव्या जागी ठेवल्या.