आईच्या नावाचं घंगाळ

मोडीचा व्यापारी दारात तराजू लावून बसला होता. नवऱ्याच्या ऑपरेशनचे पैसे संध्याकाळच्या आत दवाखान्यात भरायचे होते. कालिंदीने माळ्यावरची पितळी भांडी खाली काढली आणि त्यांवर कोरलेली नावं ती वाचू लागली.

सासऱ्यांच्या नावाची कळशी तिने बाजूला ठेवली. ती मोडीत गेली तर सासूबाईंना काय वाटेल! मग आईच्या नावाचं घंगाळ हाती आलं. पाठवणीच्या वेळी आईने ते स्वतः उचलून गाडीत ठेवलं होतं. आई आता नव्हती, विचारायला कुणी येणार नव्हतं. तिने ते देऊन टाकलं. व्यापाऱ्याने हातोड्याने ते चेपलं. आईचं नाव मधोमध दुमडलं, तशी कालिंदीने मान फिरवली.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. “वेडे, कळशी का नाही दिलीस? मीही अशीच सासरचं जपत बसले. माझ्या माहेरचं आज या घरात एक फुलपात्रही नाही.” त्यांनी कळशी व्यापाऱ्यापुढे आदळली. “ही घे आणि घंगाळ परत दे.”

“आजी, ते चेपलं. पाणी ठरायचं नाही त्यात.”

“पाणी कुणाला भरायचंय? तिच्या आईचं आहे ते. दे इकडे.”