अरुळराजचा हात

तुतुकुडीच्या चर्चच्या हॉलमध्ये, दुपारच्या लग्नाआधी, अँप्लिफायरच्या रॅकचा, वीज गळताच पुरवठा तोडणारा ब्रेकर पुन्हा पडला. साउंडचं काम बघणाऱ्या जेसिंताने एकेक यंत्र सुटं करून पाहिलं, वायरी चाचपल्या, अर्थिंग तपासलं. कुठेच वीज गळत नव्हती.

"अण्णी, काढून टाक ना तो ब्रेकर. सरळ जोडू," तिचा दीर अरुळराज म्हणाला.

"गेल्या वर्षी जोडलंस तसं?"

त्या जोडणीनंतर रॅकला हात लावताच शॉक बसून तिचा नवरा सेल्विन जागच्या जागी गेला होता.

तिने ब्रेकरची दांडी वर केली आणि रॅकवरून हात फिरवला. काही झालं नाही. मग अरुळराज पुढे आला. त्याचं बोट टेकायच्या आधीच दांडी टक् करून पडली. तो मागे सरला की दांडी टिकायची, पुढे आला की पडायची.

जेसिंताचं तोंड कडू झालं. "मेल्यावरही भावालाच जपतोस होय रे?" ती रॅककडे बघून म्हणाली.

मेन बंद करून तिने ब्रेकर उपटून काढला, वायरी सरळ जोडल्या आणि मेन पुन्हा चालू केला. रॅकचे दिवे लागले. सुटा ब्रेकर तिच्या मुठीत होता, त्याची दांडी तिने अंगठ्याने वर दाबून धरली होती.

"आता लाव हात."

"अण्णी, नको गं."

"तुझीच जोडणी आहे ना? लाव!"

अरुळराजने हात पुढे केला.

तिच्या मुठीतली दांडी तिच्या अंगठ्याला रेटत, सावकाश खाली आली. रॅकचे सगळे दिवे विझले.