अळंबीची रिंग

शुमावाच्या जंगलात रादकाच्या घरचा नियम ठरलेला होता. अळंबी सापडली की फोनची एकच रिंग द्यायची. "जागेवर थांबा, मी येतोय" म्हणायचं असेल तर दोन. फोन उचलायचा मात्र नाही. उचलला की अळंब्या पळतात, असं बाबा हसून सांगायचे.

बाबा एप्रिलमध्ये वारले. त्यांचा फोन बॅटरी काढून घरी खणात ठेवला होता. आज आईबरोबर अळंब्या शोधायला निघताना रादकानं मन घट्ट करून आपल्या फोनमधून त्यांचं नावही पुसलं.

जंगलातल्या पहिल्याच वळणावर तिचा फोन एकदा वाजून थांबला. हिरव्या पडद्यावर नाव होतं: बाबा.

"किती वाजल्या?" आईनं वाकल्या वाकल्याच विचारलं.

"एक. पण आई, मी तर सकाळी..."

"मग उभी काय राहिलीस? शोध!"

बर्चच्या झाडाखाली पाच टपोऱ्या अळंब्या होत्या. पुढच्या रिंगला सात मिळाल्या.

"जिवंतपणी कधी एवढ्या सापडल्या नाहीत मेल्याला!" आई म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या. एप्रिलनंतर पहिल्यांदाच.

टोपली भरली, तरी रादकाचा पाय निघेना. घरी गेलं की फोन गप्प होईल आणि बाबा पुन्हा एकदा जातील, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

"दोन," ती पुटपुटली.

आईनं केस सारखे केले, ओंडक्यावर रुमाल पसरला आणि पिशवीतून चहाचे पेले काढून मांडले. तीन होते.

नेच्यांच्या आड कुणीतरी बूट झाडावर आपटून चिखल काढत होतं.