हौजीच्या आधी

क्रिस्पिनने कार्यक्रमासाठी डोक्यावर चढवलेला काचेचा दिवा उतरवला आणि आपला बँड मोडला. तोही कुठे, तर इंग्लंडातल्या बार्न्सलीत, खाणकामगारांच्या क्लबात, भर कार्यक्रमात! पंचवीस मिनिटांची त्याची रचना निम्मीसुद्धा झाली नव्हती. पण पुढच्या टेबलावरून एक म्हातारा ओरडला होता, "ए दिव्या, विझ की आता!"

"ह्या लोकांपुढे पुन्हा वाजवणं मला जमणार नाही," क्रिस्पिन म्हणाला. त्याने गिटारवाल्या भावाला सोबत घेतलं, 'ग्लास ऑर्चर्ड' हे बँडचं नावही आपलंच असल्याचं सांगितलं आणि पांढरा पडदा गुंडाळला. त्या पडद्याआड लिनेट दोन वर्षं ऑर्गन वाजवत होती. लोकांना दिसायची ती फक्त तिची सावली. सावलीत गूढ असतं म्हणे! लिनेट मात्र बेकरीतल्या पोरीसारखी दिसते, असं तो म्हणायचा. ती बेकरीतच तर कामाला होती!

"आता काय, तुझं ते गाणं म्हणणार?" दारातून तो हसला. "दूधवाल्याने शिट्टीवर वाजवावं असलं?"

लिनेटचे कान तापले. ते गाणं तिने स्वतः केलं होतं. क्रिस्पिनने ते एकदाही वाजवू दिलं नव्हतं.

क्लबचे सेक्रेटरी मिस्टर हेपवर्थ तरातरा आले. स्टेजवर उरल्या होत्या लिनेट आणि ड्रमवाली ग्लेनिस. "पोरींनो, हौजीला अजून वेळ आहे. तोवर वाजवा. नाहीतर ह्या भागात तुम्हाला पुन्हा कोण स्टेजवर चढू देतं ते बघतो. आणि माझ्या हातात आकड्याचा चेंडू दिसला की गप्प बसायचं. माझ्या पोरीच्या लग्नात माझंच भाषण मी हौजीसाठी अर्ध्यावर थांबवलंय!"

"लिने, ते दूधवाल्याचंच घे," ग्लेनिस म्हणाली. "घालवायला आता आपल्याकडे आहे काय?"

लिनेटने डोळे मिटले आणि ती गायला लागली. पहिलं कडवं गप्पांत बुडालं. दुसऱ्याला गप्पा थांबल्या. तिसऱ्याला तिने डोळे उघडले तर सगळा क्लब तिच्याकडे बघत होता. सावलीकडे नाही, तिच्याकडे!

तेवढ्यात हौजीचं यंत्र आत आलं. सवयीने सगळ्यांनी पेनं उचलली. हेपवर्थनी पहिला चेंडू काढून वर धरला.

लिनेटने पट्ट्यांवरून हात काढले. गाणं अर्ध्यावर तुटलं. दिव्यावर ओरडलेला म्हातारासुद्धा तिकिटावर वाकला. संपलं, तिला वाटलं. सोमवारपासून परत पावच भाजायचे.

आणि त्या शांततेत कुणीतरी शिट्टी वाजवली. तिचीच चाल! तोच म्हातारा होता, तिकिटावर वाकलेला. शेजारच्याने त्याला साथ दिली. मग मागचं टेबल, मग बारवरच्या बाया, मग सगळा क्लब! गाणं जिथे तुटलं होतं तिथून त्यांनी ते उचललं होतं.

"बघतेस काय? वाजव!" ग्लेनिस किंचाळली आणि तिने ड्रमवर असा काही दणका दिला की टेबलांवरचे ग्लास नाचले.

गाणं संपलं तेव्हा हेपवर्थ माइकपाशी उभे होते. चेहरा लालबुंद.

"पोरी," ते म्हणाले, "बँडचं नाव काय?"

"अजून ठेवलं नाही."

"मग ठेव लवकर. पुढच्या शनिवारी बाहेर फळ्यावर लिहायचंय मला." आणि हातातला चेंडू त्यांनी खिशात टाकला. "चला, पुन्हा एकदा! पहिल्यापासून!"

पुढे लिनेट आणि ग्लेनिसची गाणी घरोघरी वाजली, लंडनची थिएटरं भरली. दूधवाले तर ती चाल शिट्टीवर वाजवत गल्लीगल्लीतून फिरले. पण त्या शनिवारी हौजीचा पहिला आकडा कोणता निघाला होता, ते मात्र बार्न्सलीत अजून कुणालाच माहीत नाही.