मापाची गिटार

वाद्य निवडणं म्हणजे स्वतःच्या आत्म्याचा सूर शोधणं, असं टिपणीसांनी कढी ओरपत जाहीर केलं.

कार्बन फायबरची गिटार खास त्यांच्यासाठी घडणार होती. महिनाभर खल करून त्यांनी सोनेरी खुंट्या आणि शिंपल्याची नक्षी निवडली होती. लांबी तेवढी सांगायची राहिली होती.

तेवढ्यात कारागिराचा फोन आला. तो बायकोनं उचलला.

“दमट हवेत खराब नाही ना होणार?”

“वीस वर्षं हात नाही लावलात तरी जशीच्या तशी राहील, वहिनी.”

“मग उत्तमच!”

“अगं, या वेळी मी खरंच शिकणार आहे,” टिपणीस कळवळून म्हणाले.

“शिका की! मी कुठं अडवतेय?” म्हणत ती टेप घेऊन स्टुलावर चढली.

माळ्यावर टिपणीसांची सतार आणि दुर्बीण धूळ खात पडली होती. त्यांच्यामध्ये सदतीस इंच जागा निघाली.

गिटार छत्तीस इंची ठरली.