पूजेतली गाडी

झेंडूचा ताजा हार पाहून मंदाकिनी फाटकातच थबकली. ज्या गाडीतला एक भाग काढून न्यायचा होता, तिची भोकरेकाकांनी नुकतीच दसऱ्याची पूजा केली होती. बॉनेटवरचं कुंकू अजून ओलं होतं.

तिचा डावा पाय लहानपणीच पोलिओने नेलेला. क्लच नसलेली तिची स्वतःची जुनी गाडी हीच तिची चाल होती आणि कित्येक महिने ती गॅरेजात मुकी उभी होती. गिअरबॉक्समधला एक व्हॉल्व्ह मिळत नव्हता. ‘त्या मॉडेलचे भाग आता बनत नाहीत, नवी गाडी घ्या,’ एवढंच उत्तर कंपनीकडून यायचं. अखेर गॅरेजच्या मिस्त्रींनी काकांकडची तशीच गाडी शोधून काढली होती आणि आज तेही तिच्यासोबत आले होते.

“काका, पूजेतली गाडी कशी उघडायची? आम्ही नंतर येऊ.”

“अगं, पुजायचं ते चालावं म्हणून. बायको गेल्यापासून मी तिची गाडी नुसती नटवून ठेवलीय. तिने पाहिलं असतं तर मलाच ओरडली असती.” काका मिस्त्रींकडे वळले. “उघडा हो!”

हार मात्र त्यांनी स्वतःच्या हातांनी अलगद उतरवला.

व्हॉल्व्ह निघाला. मंदाकिनीने आपट्याचं पान काकांच्या हातावर ठेवलं आणि वाकून नमस्कार केला.

“नुसतं सोनं देऊन सुटका नाही हं! पुढच्या दसऱ्याला गाडी घेऊन ये. हार इथेच घालू.”

तिचे डोळे भरून आले. कित्येक महिन्यांनी कुणीतरी तिला ‘ये’ म्हणालं होतं आणि ‘कशी येशील?’ असं विचारलं नव्हतं.