शेपटावरचं भोक

काचेच्या पेटीवर मखमली कापड टाकलेलं होतं, तरी उस्तादांना आतलं सगळं दिसत होतं. विमानाच्या शेपटाचा हातभर पत्रा, त्यात मधोमध लिंबाएवढं भोक, आणि खाली पितळी पाटी: ‘शत्रूच्या गोळीची खूण’.

अर्ध्या तासाने साहेब ते कापड ओढणार होते. शेजारी उभं राहायचा मान उस्तादांचा. युद्धात साहेब जे विमान उडवायचे, त्याची देखभाल करणारा फिटर म्हणून संग्रहालयाने त्यांना खास पत्र पाठवून बोलावलं होतं. पण ते भोक कुठल्याही शत्रूने पाडलेलं नव्हतं. ते उस्तादांनीच पाडलं होतं.

चाळीस वर्षांपूर्वी, युद्ध ऐन भरात असताना, एका सकाळी विमान ओढायचा ट्रॅक्टर ते मागे घेत होते. लक्ष क्षणभर चुकलं आणि ट्रॅक्टरचा लोखंडी आकडा शेपटात खच्चकन घुसला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. त्यांनी घाईघाईने कापडी पट्टी चिकटवली, वरून रंगाचा हात फिरवला. आता साहेबांना सांगू म्हणेपर्यंत भोंगा वाजला. साहेब धावत आले, विमानात बसले आणि एकटेच सीमेवर टेहळणीला उडालेसुद्धा. उस्तादांचे शब्द तोंडातच राहिले.

पाऊण तासाने विमान उतरलं तेव्हा पट्टी कुठल्या कुठे उडून गेली होती. भोक तेवढं आ वासून सगळ्यांकडे बघत होतं.

“गोळी लागली! तरी परत आले!” कुणीतरी ओरडलं, आणि क्षणात साहेब लोकांच्या खांद्यावर. अशा वेळी ‘थांबा, ते माझं काम’ म्हणायला छाती लागते. उस्तादांची छाती तेव्हा जेमतेम बत्तीस इंच होती.

तेव्हापासून साहेब भाषणं करत आले आणि उस्ताद टाळ्या वाजवत आले. वर्षातून एकदा साहेबांचं पत्र यायचं. ‘उस्ताद, विमान तुझ्या हाताखालचं होतं म्हणून मी वाचलो.’ ते वाचलं की उस्तादांना दोन दिवस घास गोड लागायचा नाही.

आज निघताना बायकोने निकालच देऊन टाकला होता. “अहो, तुमच्यापायी त्या माणसाचा जीव गेला असता. आणि तुम्ही त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेणार? आज सांगून मोकळे व्हा.”

“ते पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत गं.”

“मी बघतेय की इतकी वर्षं. काही होत नाही.”

बायकोला हसू आलं, उस्तादांना आलं नाही. फौज सुटली, जुने सोबती एकेक करत गेले, उरला होता तो हा एक माणूस. तोही आज जाणार, या विचाराने त्यांना फार वाईट वाटत होतं.

पुढच्या रांगेत साहेब संग्रहालयाच्या बाईंशी बोलत बसले होते. “त्यानंतर मी सतरा वेळा गेलो, बाई. प्रत्येक वेळी सगळ्यात पुढे. साधा ओरखडा नाही! पण त्याचं कुणी विचारत नाही. सगळ्यांना हे भोकच हवं.”

बाई चिकित्सक निघाल्या. “पण साहेब, गोळी आत गेलेली दिसते. ती बाहेर कुठून पडली?”

साहेबांनी सावकाश पाणी प्यायलं. “युद्धात गोळीला पत्ता विचारायला सवड नसते, बाई.”

सगळे हसले. उस्तादांनी घाम पुसला आणि साहेबांच्या कानाशी वाकून म्हणाले, “साहेब, दोन मिनिटं. बाजूला या.”

मागच्या खोलीत कपबशा मांडून ठेवल्या होत्या. तिथे उभ्याउभ्याच उस्तादांनी सगळं ओकून टाकलं. ट्रॅक्टर, आकडा, पट्टी, रंग. काहीही राखून ठेवलं नाही.

साहेबांनी शेजारची खुर्ची चाचपली आणि तिच्यावर बसले.

“मी उडायच्या आधी?” त्यांनी विचारलं.

“आधी, साहेब. वीस मिनिटं.”

“नक्की? नंतर नाही?”

“बायकोची शपथ.”

साहेबांचे डोळे भरून आले. उस्तादांना ते बघवेना. “मला शिक्षा करा, साहेब. पाटी काढायला सांगा. मी स्वतः माईकवर जाऊन सांगतो सगळ्यांना.”

ते दाराकडे वळले, तसे साहेब उठले. वयाच्या मानाने भलतेच चपळ उठले, उस्तादांच्या आधी दार गाठलं आणि कडी लावली. मग त्यांनी उस्तादांचे दोन्ही हात घट्ट धरले.

“अरे, त्या दिवशी माझी हिंमतच झाली नाही. मी सीमेवर गेलोच नाही. पाऊण तास आपल्याच हद्दीतल्या एका तळ्यावर घिरट्या घातल्या, ‘मला भीती वाटली’ असं सरळ सांगून टाकायचं ठरवून खाली उतरलो, तर तुम्ही लोकांनी मला खांद्यावरच घेतलंत! चाळीस वर्षं मी डोकं खाजवतोय, उस्ताद, त्या तळ्यावर मला गोळी घातली तरी कुणी!”